लिज्जतचा ससा आणि माझं कन्नड

परवा माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली. दिवाळीआधी सगळ्याला ऊन दाखवायचं म्हणून. वर दोन लुगडी, मग आत्याबाईंची वाकळ, आणि तळाला डांबरगोळीच्या वासात आमचा ससा. एक कान नाही, गुलाबी नाक करडं पडलेलं, पोटाला कसर लागून जाळी झालेली. सून म्हणाली, "आई, हे टाकून देऊ का?" तिला काही माहीत नाही, तिचं काय चुकलं. पण माझ्या तोंडून "हात लावू नको त्याला" असं एवढ्या जोरात निघालं की ती बिचारी दचकलीच. म्हणून ही हकिगत लिहून ठेवते.

माझं माहेर उदगीरचं, सासर भालकी तालुक्यातलं. आता मधे दोन राज्यांची शीव आहे, पण १९५६ पर्यंत उदगीर बिदर जिल्ह्यातच होतं. भाषेप्रमाणे वाटणी झाली तेव्हा उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडं गेले. भालकी, हुमनाबाद, औराद इकडं राहिले. सोयरिकी मात्र चालूच राहिल्या, माझी त्यातलीच एक. भालकीकडं माझं सगळं मराठीवर निभायचं. दुकान, देऊळ, शेत, भांडण, सगळं. लग्नाला आठ वर्षं झाली तरी मला कन्नडचे चार शब्द धड येत नव्हते, आणि त्याची लाजही वाटत नव्हती.

१९८६ साली यांची बदली गुलबर्ग्याला झाली. कलबुर्गी हे नाव नंतर, २०१४ साली आलं. आमच्या तोंडी अजून गुलबर्गाच. तेव्हा बिदरकडून थेट रेल्वे नव्हती, ती तर २०१७ ला सुरू झाली. आम्ही हुमनाबादवरून एसटीनं, ट्रंका टपावर टाकून गेलो. थोरला तेव्हा सहा वर्षांचा. घराजवळ कन्नड शाळा होती, त्यात पहिलीला घातला. मी म्हणाले, "पोराला एक अक्षर येत नाही, कसं व्हायचं?" हे म्हणाले, "इथंच राहायचंय ना आपल्याला? पोरं आठ दिवसांत शिकतेत." आठ दिवसांचे चार महिने झाले. रोज सकाळी याचं पोट दुखायचं. ओवा चावायला दिला, हिंग लावलं, शेवटी पाठीत धपाटाही घातला. शाळेत काय झालं विचारलं की ओठ घट्ट. परीक्षेत भोपळा. मी रागवायची, तो आणखी मुका व्हायचा.

हा एकाच गोष्टीला मनापासून हसायचा. टीव्ही आमच्याकडं नव्हता, शेजारच्या अक्कांकडं होता. गुलबर्ग्याला दूरदर्शन तसं लवकर, १९७७ लाच आलेलं, आणि १९८७ च्या जानेवारीत रामायण सुरू झाल्यावर रविवारी अक्कांच्या पडवीत पाय ठेवायला जागा नसायची. सगळे रामासाठी यायचे, आमचं पोरगं यायचं लिज्जत पापडाच्या जाहिरातीतल्या सशासाठी. तो पांढरा ससा पापड खाऊन खदाखदा हसायचा ना, तोच. कधी लागायची, कधी नाही. लागली की हा पोट धरून लोळायचा. तो ससा रामदास पाध्ये यांचा, हसणंही त्यांचंच, हे मला फार उशिरा कळलं. पाध्ये म्हणजे वडिलांच्या अर्धवटरावाला सांभाळणारे आणि पुढं १९९३ च्या 'झपाटलेला'मधला तात्या विंचूचा बाहुला हलवणारे. जाहिरात हिंदीत, ससा एका मराठी माणसाच्या हातावर, आणि बघणारं पोरगं कन्नड शाळेतलं. तेव्हा हे काही डोक्यात नव्हतं. एवढंच वाटलं की हा हसतो तर हसू दे, एक ससा करून देऊ.

शिवणकाम मला येत होतं. वाकळ तर आमच्याकडं पोरीला चालता आलं की शिकवतात. पण बाहुलीचं गणित वेगळं. पहिला ससा केला जुन्या टॉवेलचा. कापला तशी चारी कडांनी सुतं सुटायला लागली. कड आत दुमडावी तर एवढ्याशा हाताच्या टोकाला गोळाच व्हायचा. दुसऱ्यांदा घोंगडीचा तुकडा घेतला. ते चिंचोक्याच्या खळीनं कडक झालेलं आणि काळं. काळा ससा बघून पोरगं रडलंच.

मग यांना ऑफिसच्या कामानं हैदराबादला जायचं होतं. मी म्हणाले, पांढरा फेल्ट आणा. आमच्याकडं त्याला नमदा म्हणायचे, घोड्याच्या खोगिराखाली घालतात तो. हे सुलतान बाजारातून अर्धा मीटर पांढरा आणि बोटभर गुलाबी घेऊन आले, आणि किंमत सांगून आठवडाभर ऐकवत राहिले. पण काय कापड होतं ते! कापड तरी कसं म्हणावं, त्याला ताणा नाही, बाणा नाही. लोकर ओली करून, ऊब देऊन, दाबून दाबून एकमेकींत गुंतवलेली. म्हणून कुठंही कापा, सूत सुटत नाही. कड दुमडायची गरज नाही. दोन तुकडे एकावर एक ठेवायचे आणि वरूनच काजाचा टाका घालत जायचं. मला तर शिवताना सुख लागलं.

माप घेताना मात्र चुकले. वर्तमानपत्रावर पंजा ठेवून पेन्सिल फिरवली, तर्जनी मानेत, अंगठा आणि मधलं बोट दोन्ही हातांत, आणि तसाच आकार कापला. हाताला जाडी असते हे विसरलेच. शिवून झाल्यावर हात मनगटाशीच अडकला. अर्धा नमदा वाया. यांना सांगितलं नाही, आज सांगते. दुसऱ्या वेळी बोटभर जागा चहूबाजूंनी सोडली. डोक्यात कापूस भरला आणि मधे पोस्टकार्डाची नळी करून बसवली, बोट घट्ट धरायला. डोळे यांच्या शर्टाच्या बटणांचे. कान पडायला लागले तेव्हा आत बकरम घातलं, शर्टाच्या कॉलरला घालतात ते. मग उभे राहिले.

आत्याबाई तेव्हा आमच्याकडंच होत्या. "काय करलालीस ग हे? पोराच्या जातीला भावली?" म्हणाल्या. दुपारभर बोलल्या. संध्याकाळी दाताला नमदा अपुरा पडला, तर त्यांनीच आपल्या धोतरजोडीतला, म्हणजे मामंजींच्या, पांढरा तुकडा फाडून दिला.

दुसऱ्या दिवशी अंगणात टाके घालत बसले होते. अक्का कुंपणावरून डोकावल्या आणि हसून म्हणाल्या, "मोल माडीरेन्री?" मला 'मोल' तेवढं कळलं. वाटलं, किंमत विचारतात. मी मान हलवली, "नाही नाही, इकायचं नाही अक्का, पोरासाठी आहे." त्या बघतच राहिल्या. मग दोन बोटं डोक्यावर धरून टुणकन उडी मारून दाखवली, एवढ्या जाडजूड बाई! कन्नडमध्ये मोल म्हणजे ससा. माझा पहिला कन्नड शब्द असा मिळाला. "एष्टु छंद अद री," त्या म्हणाल्या. ते न सांगताच कळलं.

ससा पोराला आवडला, रात्री उशाशी घेऊन झोपायला लागला. पण शाळेचं पोटदुखणं तसंच. एके रात्री लाईट गेली. कंदिलाच्या उजेडात मी ससा हातात घातला आणि नाकात बोलून विचारलं, "काय रे, मला शाळेला नेत नाहीस होय?" आईला चार महिने न दिलेलं उत्तर त्यानं सशाला लगेच दिलं. "तू नको येऊ. तुला होरग निंद्रु म्हणतील." म्हणजे काय, सशाने विचारलं. "बाहेर उभं राहा."

मला वाटलं कंदील विझला. पण सशाला रडता येत नव्हतं, म्हणून मी तसंच नाकातून विचारत राहिले. तर झालं असं होतं, पहिल्याच आठवड्यात बाई वर्गाला म्हणाल्या, "केळ्रि." कन्नडमध्ये ऐका. या येड्याला वाटलं केळी वाटणार आहेत. हा हसला आणि हात पुढं केला. बाईंना वाटलं नक्कल करतो. बाहेर उभा. मग लिहा म्हणताना त्या "बरी" म्हणायच्या, याला पुन्हा हसू. पुन्हा बाहेर. पुढं हसू गेलं आणि बाहेर उभं राहणं तेवढं उरलं, कारण विचारलेलं कळेना आणि तोंड उघडायची भीती. आणि हा घरी आला की मी धपाटे घालायची. ते आठवलं की अजून हात जड होतो.

सकाळी अक्कांना घेऊन शाळेत गेले. मी मराठीत सांगायची, अक्का अर्धं समजून कन्नडमध्ये सांगायच्या, केळ्याचं तर हातानंच सोलून दाखवलं. बाई आधी कपाळाला आठ्या घालून ऐकत होत्या. केळ्यापाशी आल्यावर त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं हसतात, पण डोळे ओले झाले होते त्यांचे. वाईट बाई नव्हत्या त्या. वर्गात साठ पोरं होती आणि मराठी त्यांनाही येत नव्हतं. त्यांनी याला पुढच्या ओळीत बसवलं. लगेच सगळं छान झालं असं नाही. वर्ष जेमतेम निघालं.

पण त्या रात्रीपासून घरी एक सुरू झालं. जेवण झालं की ससा माझ्या हातावर, आणि हा त्याचा मास्तर. "मोल, हेळु, इदु येनु?" तांब्या दाखवून विचारायचा. सशाला यायचं नाही. हा कपाळाला हात लावायचा, अगदी बाईंसारखा, आणि सशाला दाराबाहेर धरायला लावायचा. मी हात उंबऱ्याबाहेर काढून बसायची. आत्याबाई हसून हसून बेजार. शिकवायचं म्हणून हा शाळेत कान देऊन ऐकायला लागला, हे मला पुढं कळलं. आणि सशाच्या नावाखाली मीही शिकत गेले. उन्हाळ्यापर्यंत बाजारात भाजीवालीशी मी घासाघीस करू लागले. एकदा तिनं मला फसवायला बघितलं तर म्हणाले, "नमगू कन्नड बरतद." यांना तर विश्वासच बसेना. आजही माझं कन्नड सहा वर्षांच्या पोराचं आहे, व्याकरण नाही, पण कोणाला अडत नाही.

कान तुटला तो धाकट्यामुळं, दोघांच्या ओढाताणीत. बसवू बसवू म्हणता राहिलं. मधे मी एकदा शहाणपणा करून ससा गरम पाण्यात धुतला, तर नमदा आवळून एवढासा झाला. म्हणून आता हात आत जात नाही, दोनच बोटं जातात.

परवा स्टेशनरीच्या दुकानात गेले. आता फेल्टचे कागदासारखे ताव मिळतात, हवा तो रंग, पण लोकरीचे नाहीत. हाताला ऊब लागत नाही, टाका घातला की भोक तसंच दिसतं. तरी एक पांढरा आणला. बकरम घरात होतंच. सुनेनं सुईत दोरा ओवून दिलाय, मला आता ओवता येत नाही. कान उद्या बसवीन म्हणते.