रंगीत अक्षरांचा वारसा

गेल्या महिन्यांत माझी आठ वर्षांची नात शाळेंतून रडत घरीं आली. ‘पांचाचा आंकडा तांबडा असतो’ असें तिनें वर्गांत सांगितलें. मुलें हंसलीं आणि बाईंनीं ‘थापा मारूं नकोस’ म्हणून दटावलें. माझ्या काळजांत चर्र झालें. कारण माझा पांच जन्माचा हिरवा आहे! लहानपणीं एकदांच मीं तसें बोलून दाखविलें, तेव्हां घरांतील वडीलधाऱ्यांनीं तें वेड ठरविलें. त्यानंतर साठ वर्षें मी गप्प होतें.

तिला जवळ घेऊन मीं हें सारें सांगितलें. तशी ती म्हणाली, “आजी, तुझा हिरवा, तर मग माझा खोटा का ग?”

या प्रश्नानें मला वाचावयास लावलें. या गुणास सिनेस्थेशिया म्हणतात. एक संवेदना जागी होतांच तिच्यासवें दुसरी आपोआप जागी होते. हा गुण कुळांतून चालत येतो, हें इंग्लंडांत फ्रान्सिस गाल्टन यांनीं १८८३ सालींच नमूद केलें होतें. पुढें २००९ सालीं ४३ कुटुंबांची तपासणी झाली, तेव्हां एकच जनुक नव्हे, तर निरनिराळ्या गुणसूत्रांवरील भाग संशयित ठरले. बापाकडूनही मुलाला हा गुण मिळतो, हेंही त्यांत दिसलें. २०१८ सालीं तीन कुटुंबांत जे दुर्मीळ जनुकीय फेरफार आढळले, तेही घरोघरीं वेगळे. मात्र त्यांतील कित्येकांचा संबंध मेंदूंतील पेशींचे तंतू वाढण्याशीं होता.

म्हणजे वारशानें येते ती प्रवृत्ति. रंग ज्याचे त्याचे. आमचे पांच जुळत नाहींत, यावरूनच तिला तें कोणीं पढविलें नाहीं, हें उघड होतें.

रशियांत जन्मलेले कादंबरीकार नाबोकोव्ह यांनीं लहानपणीं आपल्या ठोकळ्यांवरील अक्षरांचे रंग चुकले आहेत, असें आईला सांगितलें. तिलाही अक्षरें रंगीत दिसत. तिनें मुलाला दटावलें नाहीं.

माझ्या मुलाला सर्व अक्षरें काळींच दिसतात. माझ्या आईला कशीं दिसत असतील? मीं कधीं विचारलें नाहीं, आणि आतां विचारावयास ती नाहीं. परवां मात्र नातीबरोबर शाळेंत गेलें आणि बाईंना म्हटलें, “ती खोटें बोलत नाहीं. माझा पांच हिरवा आहे.”