मुक्याचा डाक्टर

आमच्या लहानपणी माणसांचा डाक्टर लांब होता आणि ढोरांचा डाक्टर त्याहून लांब. खटाव तालुक्यातलं आमचं गाव. बैल आजारी पडला की डाग द्यायचा, काढा पाजायचा आणि तरी उठला नाही तर देवाला नारळ बोलायचा. कुत्र्या-मांजराच्या वाट्याला तेवढंही नाही. कुत्रं म्हणजे राखणीला, उरलीसुरली भाकर खाणारं. जगलं तर जगलं. कुत्र्याला डाक्टर असतो हे कुणी सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो.

डाक्टर कसा असावा हे मला पहिल्यांदा एका गाईमुळे कळलं. 1984 साल असेल. कर्ज काढून पहिली संकरित जर्सी घेतली होती. ती रात्री व्याली. दुसऱ्या दिवशी दुपारी बसली ती उठेचना. मान वळवून कुशीवर टाकलेली, कान गार पडलेले. आई म्हणाली, "नजर लागली गं बाई." मी सायकल हाणत सरकारी दवाखाना गाठला. डाक्टर त्यांच्या राजदूतवर आले. मला वाटलं, आल्या आल्या सुई मारतील. पण त्यांनी आधी वडलांना विचारायला सुरुवात केली. कधी व्याली? कितवं वेत? वार पडली का? चीक किती काढला? शेण टाकलं का?

वडलांना सही येत नव्हती, पण गोठ्यातलं सगळं पाठ. "तिसरं वेत साहेब. वार रातीच पडली. सकाळी चरवी भरून चीक काढला. दुपारधरनं शेण न्हाय."

एवढं ऐकून आणि गाय तपासून डाक्टरांनी कॅल्शियमची बाटली काढली. शिरेतून अगदी सावकाश सोडली. भरभर सोडलं तर हृदय बंद पडतं, म्हणाले. बाटली संपत आली तशी गाय थरथरली, ढेकर दिली, शेण टाकलं आणि घटकाभरानं उभी राहिली. दुग्धज्वर होता. चिकाच्या वाटेनं अंगातलं कॅल्शियम निघून गेलेलं. जाताना डाक्टर वडलांना म्हणाले, "तात्या, गाईनं मला काय सांगितलं नाही. सांगितलं ते तुम्ही."

ते वाक्य पुढं कुत्र्याच्या वेळी कामाला आलं.

2010 साली धाकटी लेक दहावीला होती. तिनं कुठूनसं एक पिल्लू आणलं. तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिप्या. दहा-बारा दिवस अंगणभर नाचलं आणि एका सकाळी ओकायला लागलं. सांजच्याला हगवण लागली, तीही रक्ताची, आणि वास असा की जवळ बसवेना.

आमच्या भागात गोठ्यागोठ्यातून सुया टोचत फिरणारा एक जण होता. तो नेमका डेअरीवर भेटला. "दादा, एक सुई टाकतो की, पन्नास रुपये द्या." मी विचारलं, "कशाची सुई?" म्हणाला, "तापाची. समद्यांना चालती." गाईला टोचायची ती सुई दोन-अडीच किलोच्या जिवाला! मी हात जोडले आणि पुढं झालो.

गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते. त्यांनी पिल्लू बघितलं आणि सरळ सांगितलं, "हे पार्वो दिसतंय. माझा हात गाई-म्हशींवर बसलेला. याला साताऱ्याला न्या, आणि आजच न्या." एका कागदावर दवाखान्याचा पत्ता लिहून दिला. 'मला येत नाही' असं म्हणणारा माणूस भेटला म्हणजे निम्मं काम झालं, असं माझं मत आहे. 'समद्यांना चालती' म्हणणाऱ्यापासून मात्र लांब राहावं.

सातारा आमच्यापासून 50-55 किलोमीटर. मी मोटारसायकलवर, मागं लेक, तिच्या मांडीवर खोक्यात गोणपाटावर टिप्या. पारावर कुणीतरी बोललंच, "आवं, कुत्री काय फुकट मिळत्यात. पेट्रोल कशाला जाळताय?" लेकीनं तोंड फिरवलं. ती रडत होती.

डाक्टरीणबाई वयानं लहान होत्या. त्यांनी आम्हाला आत घेतलंच नाही. बाहेर, बाजूच्या पडवीत टेबल मांडलं. मला जरा राग आला. पण कारण त्यांनीच सांगितलं. हा रोग एका पिल्लाचा दुसऱ्याला झपाट्यानं लागतो आणि आत दुसरी पिल्लं बसली होती. मग विचारायला लागल्या, अगदी त्या गाईच्या डाक्टरांसारखं. किती वेळा ओकला? पाणी पोटात राहतं का? रक्त कधीपासून? लस झालीय का?

लेकीनं गणिताच्या वहीचं शेवटचं पान उघडलं. तिनं वेळ घालून सगळं लिहिलं होतं. मॅडमनी वही हातात घेऊन वाचली. हिरड्या बघितल्या, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लवकर खाली बसेना. "अंगातलं पाणी आटलंय," म्हणाल्या. "काका, वाचेल असं मी म्हणत नाही. या विषाणूला मारायचं औषध नाही. सलाईन लावून जीव धरून ठेवायचा, उलटी थांबवायची, दुसरा जंतू शिरू नये म्हणून औषध द्यायचं. बाकी त्याची झुंज."

मी विचारलं, "मॅडम, खर्च किती?" त्यांनी रोजचा अंदाज सांगितला. मीही सांगून टाकलं, "घरी कांदा काढणी हाय. रोज एवढ्या लांब यायला जमणार न्हाय आणि इतके पैसे बी न्हाईत." त्यांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी शिरेत सुई बसवून पट्टी बांधली, औषधं मोजून दिली आणि आमच्या गावच्या पर्यवेक्षकांना फोन लावला. पुढं चार दिवस ते रोज संध्याकाळी घरी आले, सलाईन लावलं आणि मॅडमना फोनवर हालहवाल कळवत राहिले. त्या दिवशी लाजेखातर मी 'बघतो' म्हणून उठलो असतो, तर हा मार्ग निघालाच नसता. खिशात किती आहेत हे डाक्टरला सांगायला माणसानं लाजू नये.

पाचव्या दिवशी टिप्यानं भाताची पेज चाटली आणि ती पोटात राहिली. लेक गोठ्यात येऊन नुसती उभी राहिली. बोलता येईना तिला.

तेव्हापासून घरात एक वही झाली. लस कधी, जंताचं औषध कधी, वजन किती, सगळं त्यात. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांचं झाल्यावर पहिली लस आणि मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढच्या, चार महिन्यांचं होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनंतर आणि पुढं मॅडम सांगतील तशी. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो, म्हणून वर्षभर दुसरं पिल्लू आणू नका, हेही त्यांनीच बजावलं. आणि घरातल्या गोळ्यांचं सांगितलं ते तर मी गल्लीत घरोघर सांगितलं : पॅरासिटामॉलची माणसाची गोळी मांजराच्या जिवावर उठते, आयबुप्रोफेन कुत्र्याला घातक. आपल्याला बरं वाटतं ते त्याला विष असू शकतं.

एकदा पुतण्यानं बाजारातून पंख लोंबणारा पोपट आणला. मॅडम म्हणाल्या, पाखरांचं तंत्र वेगळं आहे, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यानं आपला पोपट घरात पाळता येत नाही. पुतण्याला त्या रागावल्या नाहीत. वन खात्याच्या माणसाचा नंबर दिला. पोपट रीतसर त्यांच्याकडे गेला.

कुणी विचारतं, डाक्टर खरा कसा ओळखायचा? पाटीवर पशुवैद्यकाची पदवी असते, बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., आणि राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. तो विचारावा. खरा डाक्टर रागावत नाही.

टिप्या तेरा वर्षं जगला. 2023 च्या उन्हाळ्यात त्याचं खाणं सुटलं, पाणी भसाभसा प्यायचा आणि तोंडाला उग्र वास यायला लागला. मॅडमनी रक्त तपासलं. मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. आणखी तपासणीसाठी त्यांनी शिरवळच्या पशुवैद्यक कॉलेजला चिठ्ठी दिली. तिथंही तेच निघालं. सलाईन आणि औषधांवर दीड महिना गेला. मग एकदा मॅडमनी वही मागितली आणि म्हणाल्या, "काका, आता औषधाचं नका लिहू. रोज तीनच गोष्टी लिहा. खाल्लं का, आपणहून उठला का, तुम्हाला बघून शेपटी हलवली का. दिवस बरा गेला तर बरोबरची खूण, वाईट गेला तर फुली."

मी लिहीत गेलो. पहिल्या आठवड्यात बरोबरच्या खुणा जास्त होत्या. दुसऱ्या आठवड्यात निम्म्या. तिसऱ्या आठवड्यात सहा फुल्या आणि एक खूण. ती खूणही, मंडळी म्हणाली, शेपटी हलली नाही, वाऱ्यानं तुम्हाला तसं वाटलं.

मी फोन केला. विचारलं, "मॅडम, तुम्हीच सांगा, काय करायचं?" त्या थोडा वेळ गप्प बसल्या. म्हणाल्या, "मी करू शकते, काका. त्याला दुखणार नाही. पण दिवस तुम्ही ठरवायचा."

आमच्या घरात आजवर असलं कुणी ठरवलं नव्हतं. म्हातारा बैलसुद्धा आम्ही बाजार दाखवला नव्हता, दावणीलाच जाऊ दिला होता. मंडळी म्हणाली, "देव न्हेईल तवा न्हेईल." पुण्याहून लेक म्हणाली, "अप्पा, तो रात्रभर कण्हतो म्हणता ना?" दोन रात्री मी त्याच्याजवळ ओट्यावर बसून काढल्या. तिसऱ्या सकाळी वही उघडली, तारीख लिहिली आणि पुढं काहीच लिहिलं नाही. लेकीला बोलावून घेतलं.

मॅडम साताऱ्याहून घरी आल्या. आधी गुंगीचं दिलं. टिप्याचं डोकं लेकीच्या मांडीवर होतं, तेरा वर्षांपूर्वी मोटारसायकलवर होतं तसंच. मग दुसरं दिलं. मॅडमनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि मान हलवली. बांधावरच्या लिंबाखाली आम्ही त्याला पुरला. मंडळी आठ दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. नंतर तिनंच त्या जागेवर पाणी घातलं.

आता गावात कुणी पिल्लू आणलं की माझ्याकडं नंबर मागायला येतात. मी नंबर देतो, आणि म्हणतो, आजच जा. आजारी पडल्यावर नको, धडधाकट असतानाच एकदा दाखवून आण. डाक्टरला जनावर कळू दे, जनावराला डाक्टरच्या हाताचा वास कळू दे, आणि रात्री-अपरात्री कुठं पळायचं ते तुला कळू दे. गाई-म्हशीसाठी सरकारचा 1962 हा नंबरही भिंतीवर लिहून ठेव. आणि किराणा दुकानातून एक वही घे. फार मोठी नको. चाळीस पानी पुरते.