पळसावरची लाख

१
कर्जतहून खोपोलीला जाणाऱ्या लोकलचं पहिलं स्टेशन पळसदरी. पुढे केळवली, डोलवली, लौजी आणि खोपोली. फाल्गुनात पळस फुलला की खिडकीजवळची जागा सोडवत नाही.

२
लाखेचा किडा पळसावर राहतो, बोरीवर राहतो, कुसुंबावर राहतो. फांदीतला रस शोषतो आणि स्वतःभोवती राळेचं कवच करतो. ते कवच खरवडायचं, धुवायचं, वितळवायचं आणि त्याचे पातळ पापुद्रे करायचे. त्यात दगडाची बारीक पूड, काजळी आणि थोडा कापूस घातला की ग्रामोफोनच्या तबकडीचा लगदा तयार. प्लॅस्टिक येण्याआधी जगातल्या जवळजवळ सगळ्या तबकड्या अशाच झाल्या. लाख बहुतेक आपल्याच देशातली, छोटा नागपूरच्या जंगलांतली. ती कलकत्त्याहून बोटीने जायची आणि परदेशातल्या मोठ्या गायिकांचे आवाज तिच्यावर उमटायचे.
पळसदरीची लाख त्यात नसेल. झाड मात्र तेच.

३
त्या गायिकांपैकी एक, एम्मा काल्व्हे. फ्रान्समधल्या ऑपेराच्या सोप्रानो, म्हणजे स्त्रीच्या सगळ्यात उंच पट्टीत गाणाऱ्या. जन्म १५ ऑगस्ट १८५८. ‘कार्मेन’ ही त्यांची भूमिका इतकी गाजली की नंतरच्या प्रत्येक गायिकेला त्यांच्याशी तोललं गेलं. १९०२ साली लंडनमध्ये तबकड्या काढणाऱ्या एका कंपनीने त्यांचा आवाज मुद्रित केला. त्याच वर्षी त्याच कंपनीचा माणूस यंत्र घेऊन कलकत्त्याला आला आणि गायिका गौहरजानचा आवाज घेऊन गेला.

४
लंडनच्या त्या दिवसाची हकिगत प्रसिद्ध आहे. काल्व्हे घोडागाडीतून आल्या, कंपनीची कळकट इमारत पाहिली आणि आत यायला तयार होईनात. हा दारूचा गुत्ता आहे, इथे मला लुटतील, असं म्हणाल्या. ठरलेले पैसे गाडीतच हातात पडले तेव्हा उतरल्या.

५
केसरबाई केरकर. आपल्याकडच्या, जयपूर घराण्याच्या ख्यालगायिका. जन्म १३ जुलै १८९२, फोंडा तालुक्यातलं केरी. आठ वर्षांच्या असताना कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने. मग वझेबुवा, भास्करबुवा बखले, बरकतउल्ला खाँ. १९२१ पासून अल्लादिया खाँसाहेब. ती तालीम खाँसाहेब १९४६ साली गेले तोपर्यंत चालली.
पंचवीस वर्षं एका गुरूपुढे बसणं म्हणजे काय, याचा मी अनेकदा विचार करतो. तोवर त्या स्वतः नावाजलेल्या होत्या. तरी बसत होत्या.

६
अल्लादिया खाँसाहेबांची एकही तबकडी नाही. भास्करबुवांचीही नाही. दोघांचा आवाज आज पृथ्वीवर कुठेच ऐकू येत नाही. ते कसे गात, हे ऐकायचं तर त्यांच्या शागिर्दांच्या गळ्यातून. म्हणून केसरबाईंच्या तबकड्या मला दोन पिढ्यांच्या वाटतात.

७
कोल्हापूर, पुणे, मुंबई. आगगाडीने येणारा प्रत्येक गवई घाट उतरून कर्जतला थांबलाच असणार. खाँसाहेबही त्याच रुळांवरून आले असतील. इथे तंबोरे उतरले नाहीत, गाणी झाली नाहीत. गाडी पाणी प्यायची, इंजिन बदलायची आणि पुढे जायची.

८
माझ्याकडे केसरबाईंच्या चार तबकड्या आहेत. नट कामोदची कड एका बाजूने टवका उडालेली. सुई तिथून गेली की दर फेरीला ‘टक्’ होतं. आता तो आवाज मला त्या रागाचाच भाग वाटू लागलाय, आणि हे काही चांगलं लक्षण नाही. एकदा दुसरीकडे चांगली प्रत ऐकली तेव्हा लक्षात आलं, त्या ‘टक्’च्या खाली एक मींड आहे.

९
तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. जयपूर घराण्याचा ख्याल मैफलीत तास, पाऊण तास चालतो. त्यातलं काय ठेवायचं?
केसरबाईंनी काय ठेवलं ते ऐकून पाहावं. सुरुवातीला गळा तापवणं नाही. पहिल्या आकारापासून आवाज भरलेला. बंदिशीचा मुखडा येतो, दोन-तीन आवर्तनांत रागाचं रूप उभं राहतं, आणि मग ताना. पेचदार, एकेका श्वासात लांबच लांब, आणि समेवर अशा उतरतात की तबलजीला थोडंसुद्धा सरकावं लागत नाही. घाई कुठेच नाही. वेळ कमी आहे हे त्यांना माहीत होतं, पण ते आपल्याला कळू देत नाहीत. संक्षेप करणं ही स्वतंत्र विद्या आहे आणि त्यांनी ती कमावली होती, असं माझं ठाम मत आहे.

१०
शेजारचे काका रेल्वेत गार्ड होते. कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात आणि ३७ फुटांना एक फूट असा तो चढ गाडी चढते. चाळीस वर्षं त्यांनी तेच पाहिलं. त्यांना गाण्यातलं कळत नाही असं ते स्वतःच सांगतात. ललतची तबकडी पूर्ण ऐकली आणि म्हणाले,
‘‘बाईंना बँकर लागत नाही रे.’’
इतकी नेमकी दाद मी छापील समीक्षेत वाचलेली नाही.

११
१९१५. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. घाटावरच्या तलावांचं पाणी नळांतून खाली आलं आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली.
१९२५. ध्वनिमुद्रणात विजेचा मायक्रोफोन आला.
काल्व्हेंच्या तबकड्या सगळ्या त्याआधीच्या. कर्ण्यासमोर उभं राहून गायचं, वरचा सूर आला की मागे सरकायचं, नाहीतर सुई उडायची. केसरबाईंच्या तबकड्या मायक्रोफोननंतरच्या. म्हणून त्यांचा खर्ज आपल्यापर्यंत पोचला. काल्व्हेंचा खालचा आवाज कसा होता, याची फक्त वर्णनं उरली.

१२
उरलेलं मात्र विलक्षण आहे. रोमच्या सिस्टिन चॅपेलमधले गायक मुस्ताफा यांच्याकडून काल्व्हे एक वेगळाच लगाव शिकल्या होत्या. त्याला त्या आपला ‘चौथा आवाज’ म्हणत. खूप वरचा, बारीक, जणू दुसऱ्या खोलीतून येणारा. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या खरखरीतूनही तो सूर ऐकू येतो आणि कुठे संपला ते कळत नाही. भाषा समजण्याची गरज पडत नाही.

१३
काल्व्हे १८९४ साली शिकागोत स्वामी विवेकानंदांना भेटल्या. १९०० साली त्यांच्यासोबत पॅरिसहून इजिप्तपर्यंत प्रवास केला. पुढे बेलूर मठातही जाऊन आल्या.
काल्व्हेंचा आवाज आपल्याकडे आहे. विवेकानंदांचा नाही. त्यांचा म्हणून मोबाइलवर फिरतो तो आवाज खरा नाही.

१४
केसरबाईंच्या काळातल्याच दुसऱ्या गायिका. हिराबाई बडोदेकरांच्या तबकड्या घरोघरी होत्या. मोगूबाई कुर्डीकरांच्या शोधाव्या लागतात.

१५
न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराचे ग्रंथपाल लायनेल मेपलसन यांनी १९०१ ते १९०३ या काळात चालू प्रयोगाचं मुद्रण मेणाच्या नळकांड्यांवर केलं. यंत्र कधी प्रॉम्प्टरच्या खोक्यात, कधी रंगमंचाच्या वर. एकेक तुकडा दोनेक मिनिटांचा. त्यांत काल्व्हेही आहेत, लांबून, प्रेक्षकांच्या टाळ्यांसकट.
केसरबाई आकाशवाणीवर गायल्या नाहीत. आपलं गाणं कुणाच्याही घरी, कुणी जेवताना, कुणी गप्पा मारताना वाजावं, हे त्यांना मान्य नव्हतं. मला त्यांचं म्हणणं पटतं. आणि रेडिओचं एक तासाचं ध्वनिमुद्रण असतं तर, हा विचारही सुटत नाही.

१६
जुलै. संध्याकाळी साडेसहाला वीज गेली. उल्हास दुथडी भरून वाहतेय. ग्रामोफोनला चावी दिली आणि जौनपुरी लावली. वेळ चुकीची, राग सकाळचा. तरी लावली.

१७
१९७७. अमेरिकेने दोन यानं सोडली: २० ऑगस्टला व्हॉयेजर २ आणि ५ सप्टेंबरला व्हॉयेजर १. दोन्हींवर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी. जगातल्या संगीताचे २७ तुकडे. भारतातून एकच: केसरबाईंची भैरवी, ‘जात कहाँ हो’. वेळ साडेतीन मिनिटं.
रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने ती सुचवली. पण मूळ तबकडी बाजारात मिळेना. शेवटी न्यूयॉर्कमध्ये लेक्सिंग्टन अव्हेन्यूवरच्या, घरगुती उपकरणं विकणाऱ्या एका दुकानात, मागच्या बाजूला टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या.
टेबलाखालचं खोकं. तिथपासून सूर्यमालेच्या बाहेर.

१८
त्या २७ तुकड्यांत एक सोप्रानो आहे. एडा मोझर, जर्मन. गाणं मोझार्टच्या ‘जादूची बासरी’ मधल्या निशाराणीचं. फ्रेंच सोप्रानो एकही नाही.
५५ भाषांतल्या शुभेच्छा आहेत. त्यांत मराठी आहे.

१९
आपल्याकडे भैरवी मैफलीच्या शेवटी गातात. त्या तबकडीवरही ती शेवटून तिसरी. तिच्यानंतर एका अंध अमेरिकन गायकाचं, ब्लाइंड विली जॉन्सनचं, शब्दांविना गुणगुणणं आणि मग बेथोव्हेन. क्रम लावणाऱ्यांना आपला रिवाज ठाऊक होता का, यात मला रस नाही. तिथे ती शोभते, एवढं खरं.

२०
१६ सप्टेंबर १९७७. केसरबाई मुंबईत गेल्या. व्हॉयेजर १ निघून अकरा दिवस झाले होते.

२१
आज ते यान सुमारे २,५०० कोटी किलोमीटरवर आहे. प्रकाशालाही तिथे जायला २३ तासांहून अधिक लागतात. कर्जतहून सीएसएमटीला लोकल दोन तासांत पोचते. एवढ्या प्रवासात केसरबाईंच्या माझ्याकडच्या चारही तबकड्या दोन्ही बाजूंनी वाजवून पुन्हा पहिल्यापासून लावता येतील. मी तेच करतो, फोनमध्ये भरून.

२२
केसरबाईंनी फार थोड्यांना शिकवलं. धोंडूताई कुलकर्णी त्यांच्याकडे शिकल्या आणि २०१४ साली त्याही गेल्या. घराण्याच्या दुसऱ्या शाखा आहेत, कसदार आहेत. ही गल्ली मात्र आता तबकड्यांतच भेटते.

२३
१९४२. युद्धामुळे लाखेची टंचाई. अमेरिकेत नवी तबकडी हवी तर आधी जुनी परत द्या, असा व्यवहार सुरू झाला. जुन्या तबकड्या दळून, वितळवून नव्या झाल्या. किती आवाज असे गेले असतील, याची यादी कोण ठेवणार.
त्याच वर्षी ६ जानेवारीला काल्व्हे वारल्या.

२४
खोपोलीच्या बाजारात भंगाराच्या दुकानापुढे गोणी दिसली. गोणीत तबकड्या, वर पत्र्याचा पंखा. अर्ध्या फुटलेल्या. भाव किलोवर. दुकानदाराने मला शेजारच्या स्टुलावर बसू दिलं, चहा सांगितला, निवांत बघा म्हणाला. लावण्या, नाट्यपदं, एक कीर्तन, दोन इंग्रजी बँड. एका फुटक्या तुकड्यावर लेबल शाबूत होतं: कुत्रा, कर्णा आणि खाली ‘… बाई’. आधीचं नाव दुसऱ्या तुकड्यासोबत गेलं होतं. कुठल्या बाई ते आता कळणार नाही.
तो तुकडा मी घेऊन आलो.

२५
स्टीलची सुई एका बाजूपुरतीच वापरायची. तबकडीतली दगडाची पूड सुईला घासून खाचेच्या मापाची करते. जुनी सुई लावली की ती खाच कोरत जाते आणि प्रत्येक वेळी आवाजातलं थोडं थोडं नेते. दुसऱ्यांदा वापरायचा मोह कंजुषीचा असतो. मी केलाय. मालकंसाच्या वरच्या सुरांवर तो ऐकू येतो.

२६
कर्जत-खालापूरच्या ज्या घरांत अजून माळे आहेत, त्यांना विनंती. जुन्या घराचं पाडकाम काढाल तेव्हा आधी माळा बघा. पत्र्याच्या पेटीत तबकड्या निघाल्या तर वजनावर देऊ नका. आडव्या रचू नका, वाकतात. पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. पावसाळ्यात बुरशी धरली तर पाण्याने ओल्या केलेल्या मऊ कापडाने पुसा, लेबल भिजू देऊ नका. स्पिरिट लावू नका. स्पिरिटमध्ये लाख विरघळते.