काजाचा कोपरा

दादा, म्हणजे माझे वडील, काज करताना गप्प बसलेले मला आठवत नाहीत. आमचं शिलाईचं दुकान बेल्ह्याच्या बाजाराच्या वाटेवर. सोमवारी बैलबाजार भरला की पैरणीचं माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक तासभर बसायचं ते दादांच्या गप्पांसाठी. खोंडाला काय भाव निघाला, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, सगळं सुईबरोबर चालायचं. बोलणं अडायचं नाही, टाकाही अडायचा नाही.

साठी उलटल्यावर मात्र त्यांच्यात एक बदल झाला. काजाचा कोपरा आला की त्यांचं वाक्य अर्ध्यावर थांबायचं. समोर कुणीही असो. पाच-सहा टाके पडायचे, कोपरा वळायचा आणि तेच वाक्य सोडलं तिथून पुढं सुरू व्हायचं. तेव्हा मी तिशीत होतो आणि शर्टाची काजं मशीनवर करून घ्यावीत म्हणून घरात वाद घालत होतो. मला वाटायचं, हा अबोला माझ्यासाठी आहे.

आज मी सहासष्ट वर्षांचा आहे आणि कोपऱ्यावर मीही थांबतो.

हातकाज कधी न केलेल्याला यातली गोम कळणार नाही. कापडावर खडूची खूण करायची, चीर द्यायची, चिरेच्या दोन्ही काठांनी आधाराचा दोरा घालायचा आणि मग त्यावर काजाचे टाके. प्रत्येक टाक्याची बारीक गाठ नेमकी काठावर बसली पाहिजे. सरळ बाजूला हे सोपं असतं, कारण सुईची दिशा तीच, ओढ तीच, हात आपोआप चालतो. पण बटण जिथं अडकतं त्या टोकाला टाके गाडीच्या चाकातल्या आऱ्यांसारखे फिरवावे लागतात. दर टाक्याला सुईची दिशा बदलते, दोऱ्याची ओढ बदलते, आणि कापड धरलेला डावा हात तेवढाच वळवावा लागतो. सवयीचा रस्ता तिथं संपतो.

दोन वर्षांपूर्वी सुई ओवताना माझा अंगठा थरथरू लागला आणि मी घाबरलो. आमच्याकडं अशा वेळी पहिला शब्द तोंडात येतो तो कंपवात. डॉक्टरांनी मला चालायला लावलं, हात मांडीवर सैल ठेवायला सांगितला, दोन ओळी लिहून घेतल्या. कंपवातात बहुधा स्वस्थ ठेवलेला हात थरथरतो, सुरुवात एका बाजूनं होते, अक्षर लहान लहान होत जातं, हालचाली आखडतात. माझ्यात तसलं काही नव्हतं. "वय झालंय, दुसरं काही नाही," ते म्हणाले. सुटका झाली खरी, पण 'वय झालंय' म्हणजे नेमकं काय झालंय, हे काही कळलं नाही.

ते कळलं भाचीकडून. ती पुण्यात फिजिओथेरपी शिकते. दिवाळीला आली तेव्हा पिशवीतून एक फळी काढून तिनं माझ्या कटिंगच्या टेबलावर ठेवली. फळीला नऊ भोकं, शेजारी नऊ खुंट्या. एकेक खुंटी उचलून भोकात बसवायची, मग एकेक काढून परत ठेवायची, आणि घड्याळ चालू. तिला सतरा सेकंद लागले, मला तेवीस. आमच्या जुन्नर-आंबेगावात बैलगाडा शर्यतीच्या घाटात सेकंदाच्या हिश्शावर बारी हरते. तिथं सहा सेकंद मागं पडलेल्या बैलाकडं कुणी बघतसुद्धा नाही.

"मामा, पण तुमची एकही खुंटी पडली नाही. माझ्या दोन पडल्या," ती म्हणाली. "म्हातारपणी मेंदू असाच सौदा करतो. वेग देतो आणि अचूकपणा राखतो."

मग चार दिवस आमची शाळा भरली. माझ्या उजव्या हाताचा कारभार मेंदूच्या डाव्या भागाकडं असतो. कॅनडातल्या पेनफिल्ड नावाच्या शल्यविशारदानं १९३७ साली मेंदूतल्या हालचालींच्या पट्ट्याचा नकाशा मांडला. त्यात अख्ख्या धडाला चिंचोळी जागा आणि हाताला, त्यातही अंगठ्याला आणि बोटांना, ऐसपैस. मला हे लगेच पटलं. कोटाच्या पाठीला एक शिवण पुरते, पण कॉलरच्या टोकाला अर्धा तास जातो.

वय वाढतं तसं या कारभारात काय होतं? मेंदूतून निघालेला हुकूम मज्जारज्जूत मज्जापेशींच्या हाती पडतो आणि त्यातली एकेक पेशी स्नायूंच्या तंतूंची एक टोळी सांभाळते. साठीनंतर यातल्या पेशी कमी होत जातात. त्यांचे पोरके तंतू शेजारच्या पेशी आपल्याकडं घेतात. मुकादम कमी आणि टोळ्या मोठ्या, असा प्रकार. मोठं ओझं उचलायला अशा टोळ्या चालतात, पण जिथं दोनच माणसांचं काम आहे तिथंही अख्खी टोळी येते. म्हणून पोतं उचलताना हात थरथरत नाही आणि सुई धरताना थरथरतो.

दुसरी गोष्ट स्पर्शाची. बोटांच्या कातडीत बारीक स्पर्श टिपणाऱ्या गाठी असतात, त्या वयाबरोबर विरळ होतात. वस्तू निसटते आहे की नाही याची खबर पुसट येते, म्हणून मेंदू खबरदारी घेतो आणि पकड घट्ट करतो. हे ऐकलं आणि संध्याकाळी माझ्या अंगठ्याचं मूळ का ठणकतं ते उमगलं. सुई जणू पळून जाणार आहे अशी मी धरत होतो. लहानपणी बैलबाजारात दलाल उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरून सौदा करायचे. तोंडातून शब्द नाही, बोटाच्या दाबावर हजाराचा व्यवहार. त्यांच्यातले म्हातारे बोटं जरा जास्तच दाबून धरत असणार, असं आता वाटतं. आता मी दर दोन काजांनंतर सुई खाली ठेवतो, बोटं सैल करतो, दोऱ्याला मेण जास्त लावतो. दोरा सरळ सरकला की पकड आपोआप सैल पडते.

तिसरी गोष्ट ऐकून मला हसू आलं. तरुणपणी उजवा हात चालतो तेव्हा मेंदूचा डावा भाग कामाला लागतो आणि उजव्याला गप्प बसवतो. म्हातारपणी हा धाक ढिला होतो आणि दोन्ही भाग जागे होतात. ही मदत आहे की नुसती गडबड, यावर शास्त्रज्ञांचा वाद आहे. मला एवढं माहीत आहे की जाड कापडावर कात्री चालवताना हल्ली माझ्या डाव्या हाताची बोटंही उगाच मिटतात.

आणि चौथी गोष्ट दादांची. तरुण हाताचं सरावाचं काम मेंदूच्या खोल भागात, सवयीच्या खात्यात चालतं. विचार करणारं कपाळामागचं खातं मोकळं राहतं, म्हणून गप्पा मारता येतात. वय वाढलं की हाताच्या साध्या कामालाही कपाळामागच्या खात्याची मदत लागते. बोलणंही तिथलंच. दोन गिऱ्हाइकं आणि एकच मशीन. स्वीडनमध्ये १९९७ साली वृद्धाश्रमातल्या माणसांवर एक पाहणी झाली. चालता चालता बोलायची वेळ आली की जे थांबत, ते पुढच्या काळात जास्त पडत, असं त्यात दिसलं. काजाच्या कोपऱ्यावर माणूस पडत नाही, टाका पडतो. दादा टाका पडू देत नव्हते.

मग म्हाताऱ्या हाताला दुकानात ठेवायचा कशाला? याचं उत्तरही भाचीनंच दिलं. अमेरिकेत टिमथी सॉल्टहाउस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९८४ साली एकोणीस ते बहात्तर वर्षांचे टायपिस्ट तपासले. नुसती बोटं आपटण्यात म्हातारे मंद होते, पण टाईप करण्याच्या वेगात कमी नव्हते. कारण त्यांची नजर कागदावर जास्त अक्षरं पुढं चाललेली असे. हात मंद पडला तशी नजर पुढं गेली. १९९६ साली बर्लिनमधल्या पियानोवादकांच्या अभ्यासातही तेच दिसलं. ज्यांनी रियाज सोडला नव्हता त्यांची बोटं वादनात टिकली होती, पण वादनाबाहेरच्या साध्या चाचण्यांत तेही इतर म्हाताऱ्यांसारखेच मंद होते.

हे मी दुकानात रोज बघतो. माझ्या हाताखालचा पोरगा टीप मारण्यात माझ्या दुप्पट, पण उसवण्यातही माझ्या दुप्पट. मी कापड हातात घेतलं की कच्चा टाका घालतानाच मला बाहीची चुण कुठं पडणार ते दिसतं. उलट डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनं बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्या, बैलांच्या झुलांची कामं वाढली, त्यासाठी भरतकामाचं नवं मशीन घेतलं, ते पोरगा दोन दिवसांत शिकला आणि मला महिना लागला. पन्नास वर्षांचा सराव त्या मशीनला ओळख देत नव्हता. सराव जिथं केला तिथंच तो राखण करतो, शेजारच्या शेतात जात नाही.

राहता राहिली ताकद. २०१७-१८ साली देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकारानं देशभरात पंचेचाळीस वर्षांवरच्या बहात्तर हजारांहून जास्त माणसांची पाहणी झाली. त्यात मुठीची ताकदही यंत्रानं मोजली. ताकद मोजावीच, ती तब्येतीची खूण आहे. पण आमच्या धंद्यात मुठीपेक्षा मोठा प्रश्न असतो तो ती मूठ किती सैल ठेवता येते याचा.

परवा सोमवारी दुकान भरलेलं होतं. एका लग्नाच्या कोटाचं शेवटचं काज माझ्या हातात. एक जुनं गिऱ्हाईक बैलाचा सौदा कसा मोडला ते सांगत होतं, मी हुंकार देत होतो. मधेच पोरानं विचारलं, "मामा, अस्तर आधी लावू का?" मी काहीच बोललो नाही. त्यानं पुन्हा विचारलं. मग तो हिरमुसून मशीनवर जाऊन बसला. सकाळी एक बाही उलटी लावल्याबद्दल मी त्याला बोललो होतो. त्याच्या मनात काय आलं असेल ते मला नेमकं ठाऊक होतं.

सहा टाके पडले. कोपरा वळला. मी सुई कापडात टोचून ठेवली.

"आधी अस्तर," मी म्हणालो. "आणि इकडं ये. मी गप्प का होतो ते दाखवतो."