न आलेल्या खेळांची वही

वर्गांत जप्त झालेल्या वस्तूंचा आमच्या मेजाच्या खणांत एक लहानसा संग्रह झाला आहे. गतवर्षाच्या अखेरीस त्यांत एका वहीची भर पडली. नववीचा एक विद्यार्थी भूगोलाच्या तासास पुस्तकाआड कांहीं लिहीत होता. वही उघडून पाहतों तों चार रकाने आंखलेले: खेळाचें नांव, वार्ता, ती कोणीं दिली, आणि खरी ठरली कीं खोटी. खेळ म्हणजे मोबाइलवरील व संगणकावरील व्हिडिओ गेम. तेही अद्याप बाजारांत न आलेले! शाळा सुटल्यावर चार शब्द सुनवावे म्हणून आम्हीं त्यास बसवून घेतलें. परंतु बोलला तोच अधिक.

त्याच्या सांगण्याप्रमाणें खेळ येण्याच्या फार आधीं त्याची वार्ता येते. खेळ तयार करणारी कंपनी प्रथम ट्रेलर दाखविते, मग पूर्वनोंदणी खुली होते, कांहीं निवडक खेळाडूंस चांचणीसाठीं खेळ मिळतो, तारीख सरतेशेवटीं. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीचा ‘इंडस’ हा खेळ २०२२ सालीं जाहीर झाला व १६ ऑक्टोबर २०२४ रोजीं आला. मधलीं दोन वर्षें उत्सुक मंडळींनीं अशा वार्तांवरच काढिलीं. तारखाही अढळ नसतात. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’चा सहावा भाग (हा खेळ प्रौढांचा आहे, आमच्या विद्यार्थ्यांचा नव्हे, हें पालकांच्या माहितीसाठीं सांगून ठेवतों) प्रथम २०२५ सालचा म्हणून सांगण्यांत आला, पुढें तो २६ मे २०२६ वर गेला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्यें पुन्हां १९ नोव्हेंबर २०२६ वर. वहींत दोन्ही वेळां जुनी तारीख खोडून नवी लिहिली होती. ह्याच खेळाचा पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्यें ठरल्या वेळेआधींच कोणीं फोडला, तेव्हां कंपनीनेंही आपला ट्रेलर लगोलग प्रसिद्ध केला.

“म्हणजे फुटलेली बातमी कधीं कधीं खरीही असते, सर. पण कंपनी स्वतः सांगेपर्यंत मी ती पेन्सिलीनें लिहितों.”

आमच्या बालपणीं ह्या वार्ता तोंडोतोंडीं येत. एकदां वसई स्टेशनाजवळच्या दुकानांत ‘९९९९९९ खेळ’ असे छापलेली कॅसेट आल्याचें कळलें, आणि नाताळांत मिळालेले सर्व पैसे आम्हीं तींत घातले. खेळ निघाले मोजकेच. तेच नांवें बदलून पुनःपुन्हां येत! परंतु त्यांत हानि झाली ती आमचीच.

त्याची गोष्ट निराळी. सप्टेंबर २०२० मध्यें सरकारनें ११८ ॲपांवर बंदी घातली, त्यांत पब्जी मोबाइल होता. त्याच्या जागीं येणाऱ्या ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ची पूर्वनोंदणी १८ मे २०२१ रोजीं सुरू झाली, खेळ रीतसर आला २ जुलैस. मधल्या दिवसांत, थांबण्याचें कारण नाहीं, खेळ आतांच मिळेल, असें सांगणारी एक फाइल त्यास एका व्हिडिओखालीं सांपडली. तो तेव्हां पांचवींत जाणार होता. शाळा फोनवर भरे, आणि घरांत फोन एकच, आईचा. त्या टाळेबंदींत वाडींतील भाजी वसई रोडच्या इमारतींतून पोंचवून ती घर चालवीत असे. मागण्या सर्व फोनवर. फाइल उघडली, खेळ कांहीं निघाला नाहीं, फोन मात्र जागच्या जागीं अडकला. दुरुस्तीवाल्यानें सर्व पुसून तो चालू करून दिला. गिऱ्हाइकांचे क्रमांक गेले ते गेलेच.

“आई रागावली का?” आम्हीं विचारिलें.

“नाहीं, सर. वही घेऊन बसली.”

त्यानें वहीचीं पहिलीं पानें उलटून दाखविलीं. घाईच्या, मोठ्या अक्षरांत इमारतींचीं नांवें, मजले, दारांचे क्रमांक. कोणापुढें ‘वांगीं’, कोणापुढें ‘केळीं, दर शनिवारीं’. फोन गेल्यावर आठवून लिहिलेली ती यादी होती. ती घेऊन आई दारोदार हिंडली व क्रमांक पुन्हां मिळवून आणिले. उरलेल्या पानांवर मुलानें आपले चार रकाने आंखले होते. आम्ही हीं पहिलीं पानें न पाहतांच वही खणांत टाकिली होती.

वही त्यास परत दिली. भूगोलाचा राहिलेला धडा दुसऱ्या दिवशीं लिहून आणावयास सांगितला. तो त्यानें आणिला, शाईनें.