सहाव्या अंकातला रोहसेन

दहा अंकांचं नाटक चार-पाच वर्षांच्या पोरांपुढं मांडायचं, तर काय ठेवायचं यापेक्षा काय गाळायचं हे आधी ठरवावं लागतं. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तलं मी जवळजवळ सगळंच गाळलं. जुगारी गेले, भिंत फोडून केलेली चोरी गेली, गणिका वसंतसेनेचा दाबलेला गळा गेला, वधासाठी काढलेली तिच्या प्रियकराची, चारुदत्ताची, मिरवणूकही गेली. उरला सहाव्या अंकातला एक लहानसा प्रसंग. नाटकाला ‘मातीची गाडी’ हे नाव मात्र त्याच्यावरूनच पडलंय.

मावळातल्या आंबीच्या अंगणवाडीत मी गोष्टी सांगायला जाते. बऱ्याच पोरांचे आईबाप तळेगाव एमआयडीसीत कामाला. गाडी म्हटलं की यांच्या डोळ्यांपुढं आधी कंटेनर आणि जेसीबी. पण पोळ्याला मातीचे बैल करणारी घरं अजून आहेत, त्यामुळे मातीची गाडी समजवावी लागली नाही.

चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या पोराच्या सोन्याच्या गाडीशी खेळलाय. ती परत गेली. दासी रदनिका मातीची करून देते, याला ती नको. वसंतसेना जवळ घेते. रदनिका सांगते, ही तुझी आई. तो म्हणतो, आई असेल तर हिच्या अंगावर दागिने कसे? वसंतसेनेला रडू फुटतं, ती दागिने उतरवून देऊ करते. तर पोरगा म्हणतो, तू रडतेस, मला नकोत. ती डोळे पुसते आणि दागिने गाडीत भरते. संस्कृत नाटक असलं तरी हा प्रसंग प्राकृतात, घरातल्या बोलीत चालतो. मीही मावळात बोलतात तशीच वाक्यं ठेवली.

माझ्या चित्रपुस्तकात दागिने उतरवण्याच्या पानांवर एकही शब्द नाही. एका पानावर कानातलं, मग गळ्यातलं, मग बांगड्या. रंगमंचावर हा वेळ नटी घेते, इथं तो पान उलटणाऱ्याच्या हातात. लॅम्ब भावंडांनी 1807 साली शेक्सपिअरची नाटकं मुलांसाठी गद्यात सांगितली, पण तिथं सगळं सांगावंच लागतं. चित्रात गप्प बसता येतं. ‘गरीब’ हा शब्द मी कुठंच लिहिला नाही. भिंतीचे पोपडे आणि ठिगळाचं पांघरूण काढलं.

ओळखीच्या एका शिक्षकांनी विचारलं, वसंतसेना कोण म्हणून सांगणार? मी ‘घरी आलेली पाहुणी’ असं लिहिलं. त्यांना ते पळवाट वाटलं. मला नाही वाटत. रोहसेनलाही त्या वेळी त्याहून जास्त ठाऊक नसतं. आणि पोरांनी तो प्रश्न काढलाच नाही. त्यांना निराळीच काळजी होती: एवढं सोनं भरल्यावर मातीची गाडी मोडणार नाही का?

एक मुलगी मात्र दागिन्यांवरच अडली. “त्याच्या आईनं गहाण टाकले असतील,” ती म्हणाली. मी चाट पडले. तिसऱ्या अंकात वसंतसेनेची ठेव चोरीला जाते, तेव्हा ती भरून देण्यासाठी रोहसेनची आई धूता स्वतःची रत्नमाला काढून देते. पुस्तकात धूतेचं चित्र नव्हतं. आता पहिल्याच पानावर दारात उभी केलीय, गळा मोकळा.

गाडीतले दागिने पुढं न्यायालयात चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरतात, हे पाचवीच्या मुलांना वेगळ्या पुस्तकात सांगायचंय. त्या पुस्तकाची सुरुवात चारुदत्ताचा मित्र मैत्रेय याच्या काखेतून भर न्यायालयात घरंगळणाऱ्या दागिन्यांपासून करणार आहे.