दूधभाताची अपुरी वही

धान्याच्या वखारीत मांजर असणे ही व्यापारी घरांत कधी चर्चेची बाब नव्हती. पोती आली की उंदीर येत आणि उंदीर आले की मांजर येई. त्याला सकाळी वाटीभर दूध मिळे, दुपारी उरलेला भात किंवा पोळीचा चुरा. आणि एवढ्यावर ते कित्येक वर्षे धष्टपुष्ट राही. 'आमचे मांजर शुद्ध शाकाहारी आहे' असे मोठ्या अभिमानाने सांगणारी वडीलधारी मंडळी अनेकांनी पाहिली असतील. हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर ती वही अपुरी होती. दूधभाताची नोंद रोजच्या रोज होत असे. रात्री पोत्यांच्या थप्पीमागे जे घडे त्याची नोंद कोणी केली नाही. मांजराच्या प्रकृतीचे श्रेय मात्र सगळे दूधभाताच्या खात्यावर जमा होत राहिले.

आता वखारी बदलल्या. डहाणू तालुक्यातील विवळवेढे येथे, महालक्ष्मीच्या मंदिरामुळे आणि मुंबई-अहमदाबाद महामार्गामुळे सदैव वर्दळ असलेल्या भागात, एका जैन कुटुंबाचे किराणा दुकान आहे. खाली फरशी, धान्य झाकणाच्या पिंपांत, मागे पत्र्याऐवजी पक्के छत, रात्री शटर. उंदराला शिरायला जागा राहिलेली नाही. अशा दुकानाच्या मागील ओसरीवर श्रावणातील एका पावसाळी दुपारी दीड-दोन महिन्यांचे एक पिल्लू येऊन बसले. घरातील नातीने त्याला आत घेतले. बांनी विरोध केला नाही. भिजलेल्या जीवाला बाहेर काढा असे म्हणणे त्यांच्या स्वभावात नव्हते. वाटीत दूध आले, दुधात भात आला, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची जुनी वही पुन्हा उघडली गेली. फक्त या वेळी रात्रीचे खाते बंद होते.

दिवाळीच्या सुमारास ते पिल्लू चार-साडेचार महिन्यांचे झाले असावे. नातीने सहज म्हणून त्याला दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवले. काटा नऊशे ग्रॅम दाखवीत होता. लहानपणी मांजराचे वजन महिन्याला साधारण अर्धा किलो वाढते, म्हणजे ते दोन किलोच्या आसपास असायला हवे होते. केस राठ झालेले, पोट फुगलेले, जुलाब अधूनमधून चालूच. पशुवैद्यांकडे नेले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "खायला काय देता?" उत्तर ऐकून ते रागावले नाहीत. असे उत्तर त्यांना नवे नसावे.

त्यांनी जे सांगितले ते थोडक्यात असे. दूध पचविण्यासाठी लागणारे पाचकद्रव्य मांजराच्या शरीरात आईचे दूध सुटल्यावर कमी होत जाते, म्हणून जुलाब. गाय किंवा माणूस गाजर-भोपळ्यापासून अ जीवनसत्त्व तयार करू शकतो, मांजर ते जवळजवळ करू शकत नाही. त्याला ते तयारच मिळावे लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे टॉरिन नावाचे द्रव्य. ते मांस, मासळी, उंदीर यांत असते, भातात आणि डाळीत नसते, आणि मांजराच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. त्याच्या अभावी मांजराच्या डोळ्याचा पडदा झिजून अंधत्व येते, हे 1975 साली अमेरिकेत सिद्ध झाले. 1987 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की हृदय पसरून निकामी होण्याचा मांजरांतील एक रोगही याच अभावाने होतो, आणि वेळीच टॉरिन दिल्यास बराही होतो. त्या काळी बाजारात विकल्या जाणाऱ्या तयार खाद्यांतही ते कमी पडत होते. त्यानंतर उत्पादकांनी प्रमाण वाढविले. हे दोष एका महिन्यात दिसत नाहीत. मांजर खाते, खेळते, आणि आत तूट साचत जाते.

इथवर शास्त्र झाले. घरी परतल्यावर खरा प्रश्न सुरू झाला, कारण पशुवैद्यांनी लिहून दिलेल्या प्रत्येक खाद्यात कोंबडी नाही तर मासळी होती.

बांचे म्हणणे स्पष्ट होते. हिंसा स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि केलेल्या हिंसेला अनुमोदन देणे, तिन्ही वर्ज्य. पाकीट विकत घेणे यातील कोणत्या खान्यात बसते? "मी मारत नाही, असे कसायाचा गिऱ्हाईकही म्हणतो," त्या म्हणाल्या. या वाक्याला घरात कोणाकडे उत्तर नव्हते, आणि ते सहज मिळावे असेही नाही.

बांच्या मुलाने व्यवहारी तोड काढली. जुन्या भाड्याच्या गोदामात अजून उंदीर आहेत. मांजराला तिकडे सोडावे, अर्धपोटी ठेवावे, म्हणजे ते आपले पाहून घेईल आणि मालही वाचेल. पैसा नाही, पाकीट नाही, पापही नाही. येथे मात्र बांनी ज्या ठामपणे नकार दिला तो समजून घेण्यासारखा आहे. श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांत असतीपोषण येते. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्याचा खुलासा करताना पोपट, मैना, कुत्रा, कोंबडा, मोर यांच्याबरोबर मांजराचे नाव घेतले आहे, आणि दोष धरला आहे तो धनासाठी पाळण्याचा. दिगंबर परंपरेतील कार्तिकेयानुप्रेक्षेतही मांजरासारखे हिंस्र प्राणी बाळगणे हा अनर्थदंड सांगितला आहे. म्हणजे वखारीतले जे मांजर पिढ्यान्‌पिढ्या निर्दोष मानले गेले, तेच शास्त्राच्या नजरेत सर्वांत सदोष होते. उंदीर मारवून घ्यायचा, त्यातून धान्य वाचवायचे, आणि वर दूधभाताची वाटी दाखवायची. मुलाने निव्वळ हिशेब मांडला होता. बांनी त्याचे शीर्षक वाचले.

"बा, मग त्याला पुन्हा रस्त्यावर सोडायचे का?" नातीने विचारले. महामार्गाच्या कडेला याचा अर्थ काय होतो ते सर्वांना ठाऊक होते.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बांधणे, मारणे, छेद करणे, अतिभार लादणे आणि अन्नपाननिरोध. पाठशाळेत हे पाचही पाठ करून घेतात. अन्नपाननिरोध म्हटला की डोळ्यांसमोर उपाशी बैल येतो. वाटी भरलेली असूनही अन्न रोखलेले असू शकते, ही कल्पना सहसा येत नाही. ज्या जीवाला भाताने पोषण होत नाही त्याला घराचे दार लावून भात देणे, हा बंधही आहे आणि निरोधही. बा यावर दोन दिवस काही बोलल्या नाहीत.

दिल्लीच्या लाल मंदिरातील पक्ष्यांच्या धर्मार्थ रुग्णालयाचे उदाहरण या संदर्भात अनेकांना आठवेल. तेथे शाकाहारी पक्ष्यांना दाखल करून घेतात. घार-ससाण्यांवर उपचार करतात, पण बाह्यरुग्ण म्हणून. जखम बांधायची, अन्नाचा प्रश्न दाराबाहेर ठेवायचा. ही तडजोड आहे, आणि प्रामाणिक तडजोड आहे. पण घरात राहणाऱ्या पिल्लाला बाह्यरुग्ण करता येत नाही.

शेवटी जे ठरले ते असे. पाकीट स्वयंपाकघरात येणार नाही. मागील ओसरीवर वेगळी वाटी, वेगळा चमचा, धुण्याची वेगळी जागा; आणणे-घालणे नातीकडे. पिल्लाची वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे सुमारे वर्षभर, हा क्रम चालेल. त्यानंतर वनस्पतिजन्य तयार खाद्याचा विचार पशुवैद्यांच्या देखरेखीखाली करायचा. हे अगदीच स्वप्नरंजन नाही. टॉरिन हे नाव लॅटिनमधील बैलावरून आले, कारण 1827 साली ते बैलाच्या पित्तात सापडले. पण आज बाजारातील टॉरिन कारखान्यात रसायनांपासून तयार होते आणि मांजराच्या बहुतेक खाद्यांत तेच मिसळलेले असते. वनस्पतिजन्य खाद्ये परदेशात वर्षानुवर्षे विकली जात आहेत. मात्र वाढत्या पिल्लावर तो प्रयोग करू नये, हे पशुवैद्यांचे मत बांनी मान्य केले.

येथेच आहार बदलत ठेवण्याचा मुद्दा आला. पशुवैद्यांनी एकाच खाद्यावर पिल्लू वाढवू नका असे बजावले होते. पहिल्या सहा महिन्यांत मांजर ज्या चवी, ज्या वासाचे आणि ज्या स्पर्शाचे अन्न ओळखते, त्यालाच ते पुढे अन्न मानते. एकाच प्रकारच्या कोरड्या दाण्यांवर वाढलेले मांजर मोठेपणी दुसऱ्या कशालाही तोंड लावत नाही. मग आजारात पथ्य बदलायचे म्हटले तरी ते उपाशी राहते. आणि उपवास मांजराला झेपत नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेले नाही तर यकृतात चरबी साठून जीव धोक्यात येतो. पर्युषणात आठ-आठ दिवसांचे उपवास करणाऱ्या घरात ही गोष्ट मुद्दाम सांगावी लागली. पुढे कधी वनस्पतिजन्य खाद्यावर यायचे असेल, तर त्याची तयारीही आजच्या विविधतेतच आहे.

बदल मात्र हळू करायचा. पहिले दोन-तीन दिवस नवे खाद्य पाव भाग, मग अर्धा, मग पाऊण. सात ते दहा दिवसांत पूर्ण. घाई केली की जुलाब. पिल्लांसाठी म्हणून स्पष्ट लिहिलेले, स्वयंपूर्ण खाद्यच घ्यायचे. कोरड्या भागात किमान तीस टक्के प्रथिने. कधी दाणे, कधी ओले खाद्य, तीन-चार आठवड्यांनी प्रकार बदलायचा. दिवसातून चार वेळा थोडे थोडे. उकडलेला लाल भोपळा किंवा बोटभर पनीर चालते, पण केवळ चवीपुरते. शिरा किंवा बुंदी देण्यात अर्थ नाही; मांजराला गोड चव कळतच नाही, हे 2005 साली त्याच्या जनुकांवरून सिद्ध झाले. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तपेशी नष्ट करतात, म्हणून कटाक्षाने टाळायचे. या एका पथ्याला त्या घरात कोणाला काही शिकवावे लागले नाही.

शेजारच्या एका बाईने सुक्या बोंबलाचा सल्ला दिला होता. चैत्री पौर्णिमेपासून भरणाऱ्या महालक्ष्मीच्या जत्रेत सुक्या मासळीची दुकाने असतात, आणि स्वस्तही पडते. बांनी तो ऐकताक्षणी नाकारला. पशुवैद्यांनीही नाकारला, कारण वेगळे. सुकविलेल्या मासळीत मीठ फार, आणि केवळ मासळीवर ठेवलेल्या मांजराला इतर तुटी जाणवू लागतात. दोन भिन्न खात्यांतून बेरीज एकच आली.

माघ महिन्यात काट्याने दोन किलो सहाशे ग्रॅम दाखविले. नातीने ओसरीच्या भिंतीवर खडूने तारखा लिहून ठेवल्या आहेत: कोणते खाद्य केव्हा सुरू झाले, केव्हा संपले, वजन किती. बा त्या बाजूला सामायिकाच्या वेळी जात नाहीत. एरवी जातात, वाटी रिकामी दिसली तर नातीला हाक मारतात, आणि पाकिटाचा खर्च दुकानाच्या वहीत धरू देत नाहीत. तो त्यांच्या स्वतःच्या पैशांतून जातो.